समजूत घालणाऱ्या बाई

परीक्षा आटोपल्या की कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी सुरू व्हायची. ग्रंथपाल बाई टेबलाशी बसून नोंदवहीतला एकेक क्रमांक वाचत आणि ग्रंथालयात झाडलोटीपासून पुस्तकं लावण्यापर्यंत सगळं बघणाऱ्या मावशी शिडीवरून पुस्तक शोधून "आहे" म्हणत.

"सहा हजार चारशे बारा."

"आहे."

"तेरा."

"आहे."

बाईंनी पान उलटलं. या पानापासून अक्षर बदललं होतं. बारीक, डावीकडे झुकलेलं, पण ओळ न सोडणारं. चिमणीचं अक्षर.

चिमणी ग्रंथालयात लिपिक होती. आवाज बारीक, म्हणून सगळ्या कॉलेजनं तिला हे नाव ठेवलं होतं. गेल्या वर्षी शिडीवर तीच चढली होती आणि प्रत्येक पुस्तकाच्या वतीनं "हजर, बाई!" म्हणायची. बाई लटकंच रागवायच्या. तिला जाऊन आता सहा महिने झाले होते. बाईंनी कसाबसा पुढचा आकडा वाचला, आणि मावशींनी तोंड उघडायच्या आधी मागच्या कपाटांतून त्यांना स्पष्ट ऐकू आलं, "हजर."

"मावशी, काही म्हणालात?"

"अजून पुस्तक सापडायचंय, बाई."

हे आजचं नव्हतं. पुस्तकाच्या कण्यावरची चिठ्ठी असो की मासिकांची यादी, जिथं हात घालावा तिथं ते अक्षर निघायचं. मध्ये एकदा त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या नव्यानं लिहायला काढल्या. दहा लिहून झाल्यावर पाहतात तो त्यांचंच अक्षर डावीकडे झुकलेलं.

झालं होतं ते असं. लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा चिमणी ऑक्टोबरच्या उकाड्यात लांब बाह्यांचा स्वेटर घालून कामावर येऊ लागली. एका दुपारी वाचनकक्ष रिकामा पाहून तिनं बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत हात काळानिळा झाला होता.

"बाई, दोन दिवस तुमच्याकडे राहू का? फक्त दोन दिवस. मग बघते काय करायचं ते."

बाई एकट्या राहत. घरात एक खोली रिकामीच होती. पण बाईंचा लौकिक वेगळा होता. बाईंनी समजूत घातली की मोडणारं घर सावरतं, असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणायचे, आणि बाईंना ते मनातून आवडायचं.

"बघ बाळा," त्या म्हणाल्या होत्या, "संसार म्हटला की थोडं सोसावं लागतं. पहिली दोन वर्षं जड जातात. तू शहाणी आहेस." आणि तिच्यासमोरच त्यांनी तिच्या वडिलांना फोन लावला.

वडील तासाभरात स्कूटरवर आले. चिमणीनं टेबल आवरलं, पेनाला टोपण लावलं. "मासिकांची पाकिटं फोडून ठेवलीत, बाई," एवढंच बोलून ती खाली गेली. सतराव्या दिवशी सासरहून निरोप आला, जिन्यावरून पडली, गेली. वाचनकक्षात शोकसभा झाली. बाई तिच्याबद्दल बोलल्या: कष्टाळू, मनमिळाऊ, हसतमुख. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. जिना किती पायऱ्यांचा होता, हे कुणीच विचारलं नाही.

मोजणीच्या चौथ्या दिवशी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले मामा दारात येऊन उभे राहिले. तीस वर्षं काचेची भांडी धुणारा, आम्लानं भोकं पडलेला तोच एप्रन घालणारा सरळ माणूस. मागे त्यांची मुलगी होती. तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती.

"बाई, ही कालपासून घरी येऊन बसलीय. जायचं नाही म्हणते. उद्या जावई न्यायला येतोय. तुमचं सगळे ऐकतात. जरा चार गोष्टी सांगा हिला."

मुलगी खुर्चीत बसली. तिनं बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुम्ही काय सांगणार ते मला माहितीय," ती म्हणाली. "आईनं सांगितलं, आत्यानं सांगितलं. तुम्हीही सांगा."

"बघ बाळा, संसार म्हटला की..."

बाई थांबल्या. तेच शब्द. आपोआप, सवयीनं, जिभेवर आयते येऊन बसलेले. त्यांनी तोंडावर हात धरला. मामा गोंधळून पाहत राहिले.

"बोटं कशानं मोडली?" बाईंनी विचारलं.

"दारात. त्यानं दार लावलं. माझा हात मध्ये आहे हे बघून लावलं."

बाई उठल्या आणि मामांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मामा, चिमणी पडायच्या आधी माझ्याकडे आली होती. याच टेबलाशी. दोन दिवस राहू द्या म्हणाली. मी तिची समजूत घातली आणि परत पाठवली."

शिडीवर मावशींच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. मामांचे ओठ हलले. "पण बाई... लोक काय म्हणतील?"

"लोक दोन मिनिटं गप्प उभे राहतील, मामा. मग चहा घेतील. मी घेतला होता."

मामा मटकन स्टुलावर बसले. लेकीच्या पट्टीकडे त्यांनी जणू पहिल्यांदाच पाहिलं. मग एप्रननं डोळे पुसत म्हणाले, "तक्रारीला दवाखान्याचा कागद घ्यावा लागेल ना? चला."

दुसऱ्या दिवशी जावई मामांच्या घरी गेला, तिथं कुणी नाही म्हणून थेट कॉलेजात आला आणि व्हरांड्यात आरडाओरडा करू लागला. मुलगी आत ग्रंथालयात होती. प्राचार्य धावत आले. "बाई, घरगुती भानगडी इथं नकोत. कॉलेजची अब्रू आहे काही."

"मुलीच्या हाताची किंमत आहे का काही?" बाईंनी विचारलं.

मामा मात्र दारात पाय रोवून उभे होते. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. "ती येणार नाही," ते म्हणाले. जावई पुढे सरकला तसे पुन्हा म्हणाले, "नाही येणार. तक्रार दिलीय मी. जा." वाचनकक्षातली मुलं एकेक करून उठली आणि मामांच्या मागे येऊन उभी राहिली. तो गेला.

त्या रविवारी सकाळी बाई चिमणीच्या माहेरी गेल्या. दार आईनं उघडलं. बाईंनी पाणीही घेतलं नाही. बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं: बाही, फोन, रिकामी खोली. आई शिव्याशाप देईल, घालवून देईल, असं त्यांना वाटलं होतं. तिनं तसं केलं असतं तर त्यांना बरंही वाटलं असतं.

आई समोर जमिनीवर बसली.

"तुमच्याकडे यायच्या आधी ती इथं आली होती," ती म्हणाली. "तीनदा. शेवटच्या वेळी मी तिला जेवू घातलं. केस विंचरून दिले. आणि बसमध्ये बसवून आले."

नळाला पाणी आलं होतं, बादली भरून वाहत होती, कुणी उठलं नाही.

"मी जे पाहिलं ते पोलिसांत लिहून देणार आहे," बाई म्हणाल्या. "तो हात, ती दुपार, सगळं. तुम्ही याल?"

आतल्या खोलीतून चिमणीच्या वडिलांचा आवाज आला, "आता कशाला? गेलेली पोर परत येणार आहे का?"

आई उठली. तिनं नळ बंद केला, हात पुसले आणि आत न पाहता दारातल्या चपला पायांत सरकवल्या.

"ती येत होती तेव्हाही तुम्ही हेच विचारत होतात, कशाला आलीस," ती म्हणाली. "चला, बाई."