एल्मच्या सावलीतली केझाया

या, जरा जवळ सरकून बसा. एका चित्रकाराची गोष्ट सांगते. मन घट्ट करून ऐका, गोष्ट गोड नाही.

इंग्लंडातल्या सफोकात, नदीकाठच्या आमच्या गावी अ‍ॅम्ब्रोज थर्केटल राहायचा. गाई, पाणी, ढग काढावेत ते त्यानंच. सगळी चित्रं त्यानं विकली, एक सोडून. त्यात नदीचा उथळ उतार होता, पाण्यात निवांत उभ्या तीन गाई होत्या, आणि एल्मच्या झाडाच्या सावलीत पाव-चीजची टोपली घेऊन बसलेली त्याची बायको केझाया. चेहरा नखाएवढा. पण जगात तिचा तेवढाच चेहरा उरला होता. दुसरं चित्र काढायच्या आतच, त्या हिवाळ्यात, ती तापानं गेली.

सावलीत संध्याकाळची ऊब यावी म्हणून त्यानं डांबराचा तपकिरी रंग दिला होता. तेव्हा सगळेच देत. ओला असताना मधासारखा झळकतो.

"अहो, मला भाजून काढलंत की काय!" केझाया हसली होती.

पण हे डांबर पुरतं वाळतच नाही. अकरा वर्षांत ती सावली काळवंडली, बेडकाच्या पाठीसारखी सुरकुतली आणि केझाया तिच्यात बुडत चालली.

"हात लावू नकोस," त्याची बहीण डॉर्कस म्हणाली. "आहे तेवढी तरी राहू दे."

"वरचा थर तेवढा काढतो गं."

"घड्याळाचंही झाकण 'तेवढंच' काढलं होतंस. अजून साडेचारच वाजलेत त्यात!"

रविवारी ती प्रार्थनेला गेली आणि यानं रंग विरघळवणाऱ्या टर्पेंटाइनची चिंधी उचलली. आकाश उजळलं. गाई उजळल्या. हुरूप येऊन तो सावलीकडे वळला. चेहऱ्याच्या खालीसुद्धा आपण तेच डांबर दिलं होतं, हे चिंधी फिरून केझाया पुसली गेल्यावर त्याला आठवलं.

डॉर्कस परतली तेव्हा तो कुंचला धरून नुसता बसला होता.

"डॉर्कस, तिच्या भुवया कशा होत्या गं?"

डॉर्कसनं टोपी काढली.

"प्रार्थनेत माझ्या शेजारी उभी राहून वरच्या पट्टीत गायची, ते आठवतं रे. भुवया... नाही आठवत."

त्यानं कुंचला खाली ठेवला, तो कायमचाच. त्यानंतर देवाचं नावही त्याच्या ओठांवर कधी आलं नाही.

दोघं भावंडं आता मातीआड आहेत, आणि ते चित्र कुणी नेलं, ठाऊक नाही. कुठे भिंतीवर असं शांत चित्र दिसलं, पाणी नितळ, गाई निवांत, आणि झाडाखाली नुसती टोपली, तर घटकाभर थांबा. केझायाची आठवण काढा. काढणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.