सतरा नंबरचा पाना

वाहिनीने मला तांत्रिक सल्लागार नेमलं. मी पटकथेत एकेचाळीस चुका काढून दिल्या. त्यांनी एक दुरुस्त केली: डांगरीचा रंग.

मालिका विमान अपघातांवरची, आणि हा भाग आमच्या विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये तपासलेल्या विमानाचा. इंजिनाच्या एका पात्यात कारखान्यातूनच आलेला केसाएवढा तडा होता. पातं तुटलं, विमान कसंबसं परत येऊन धावपट्टीपलीकडच्या चिखलात रुतलं, पण सगळे वाचले. त्या इंजिनाच्या कागदांवर शेवटची सही होती उस्तादांची, म्हणजे ज्यांनी मला हे काम शिकवलं त्यांची. चौकशी अहवालाने त्यांना निर्दोष ठरवलं होतं. पटकथेत मात्र ते इंजिनात पाना विसरत होते.

"मॅडम, हे होऊच शकत नाही," मी दिग्दर्शिकेला सांगितलं. "प्रत्येक पान्यावर नंबर कोरलेला असतो, फळीवर त्याची आकृती रंगवलेली असते. एक जागा जरी रिकामी दिसली, तरी तो सापडेपर्यंत पाळीतला एकही माणूस घरी जात नाही."

"किती छान! असा एखादा पाना आहे तुमच्याकडे?"

होता. जुना संच मोडीत निघाला तेव्हा उस्तादांनीच मला दिलेला, सतरा नंबरचा. निदान एक वस्तू तरी खरी दिसेल, म्हणून मी शहाण्यासारखा नेऊन दिला.

"आणि तडा?" मी विचारलं.

"सर, तडा दिसत नाही हो. पाना दिसतो."

मी हट्ट धरला, तेव्हा तिने माझी हरकत वहीत लिहून खाली सही केली. आमच्याकडे सही झाली म्हणजे काम झालं. मी उस्तादांना फोन करून सांगितलं, "बघाच." त्यांनी व्याह्यांनाही बोलावलं.

रविवारी दुपारी सगळे उस्तादांच्या घरी टीव्हीसमोर बसलो. दोन इंजिनांचं विमान उडालं. ढगात शिरलं तेव्हा त्याला चार झाली होती. मग हँगर. एका नटाने जांभई दिली आणि इंजिनात पाना ठेवला. पडदाभर पाना. त्यावर १७. पुढच्या मिनिटाला नव्वद माणसं जळाली.

"तुम्ही कधी बोलला नाहीत हो हे," व्याही म्हणाले.

"बाबा, सगळे वाचले होते ना?" सुनेने उस्तादांना विचारलं.

"वाचले होते," उस्ताद म्हणाले. "आत्ता मेले."

मी पिशवीतून अहवालाची झेरॉक्स काढून व्याह्यांपुढे धरली. पान एकशे बारा, तड्याचा फोटो. त्यांनी चष्मा लावला, कागद खिडकीकडे नेला, तिरका केला.

"यात काही दिसत नाहीये," ते कागद परत देत म्हणाले. "तिथे नंबर मात्र अगदी स्पष्ट दिसला."

पडद्यावर माझं नाव वर सरकत होतं. सुनेने कोणाकडे न बघता कप गोळा करायला घेतले.

"तो आपलाच सतरा ना रे?" उस्तादांनी विचारलं.

"हो."

"परत आला?"

"नाही अजून. त्यांच्याकडेच आहे."

उस्ताद उठले आणि दाराशी बसून बूट चढवू लागले.

"मग तू इथे बसून चहा काय पितोयस, लेका?"

रविवारी वाहिनीचं ऑफिस बंद असतं, हे सांगण्यात अर्थ नव्हता. मी कप ठेवला. पाळी सुटली नव्हती.