गोदूकाकीचा नकार

"वर ये गोदूबाई! हळदीची येल झाली!" कुमार काठावरून ओरडला.

गोदूकाकी खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. भरती चढत होती. तिने वळून बघितलंसुद्धा नाही.

कुमार म्हणजे रामनाथशेठचा माणूस, आणि हळद शेठच्याच मुलीची. कोन गावाजवळच्या आमच्या गावात धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गात नाही तोवर नवरीला हळद लागत नाही. आणि गावात धवलारीण एकच, गोदूकाकी. एरवी ती नाक्यावर कोलंबी विकते.

"नाटकां करते म्हातारी," काठावरच्या बायका म्हणाल्या. या बायका! यांच्या सगळ्या पोरी हिच्याच गाण्यावर सासरी गेल्या. मला असा संताप आला ना, चपला काढल्या आणि उतरले सरळ चिखलात.

"मृणाली, धाव्वीचा वरीस हाय तुझा!" आई मागून किंचाळली. जसं काही भरती दहावीवाल्यांना सोडून चढते.

"काकी, जीव जाईल ना!"

"जाव दे."

"जाव दे काय? परत जाऊ पोलिसांकडे, मी बोलते."

ती नुसती हसली. शेठचे डंपर खाडी बुजवतात, त्याचा व्हिडिओ तिच्या पोराने, दीपेशने टाकला. तर 'दंगल भडकवतो' म्हणून गुन्हा लावून त्यालाच आत टाकलं. काकी ग्रामसभेत बोलायला उठली, तर माइक बंद केला. मूर्ख कुठले! अख्ख्या मांडवाला पुरतो तो आवाज, त्याला माइक कशाला? ती बोलतच राहिली. मग कुणीतरी शिट्टी मारली आणि सभा खो खो हसत सुटली.

"गायला बोलवतान, लुगडा देतान," काकी म्हणाली. "बोलाया उठली त हसतान. मंग रायला काय माझ्यापाशी? ह्यो अंग. तो तरी दिसल त्यांना."

असं करणारी माणसं डोक्याने गेलेली असतात, असं मला वाटायचं. काकीचं डोकं माझ्यापेक्षा थंड होतं.

शेवटी शेठ स्वतः आला. "आधी गा. मंग पोराचा बघू."

"आधी पोर."

"काकी बरोबर बोलते!" मी ओरडले.

"तुझ्या बापाला सांगू का गं?" मग तो काकीकडे बघून थुंकला. "नको गाऊस. तुझ्याबिगर काय अडत न्हाय."

तो गेला. जरा वेळाने मांडवातले डीजेचे स्पीकर खरखरले आणि धवला सुरू झाला. काकीच्याच आवाजात! दीपेशनेच कधीतरी तो मोबाईलवर रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकला होता. हरामखोरांनी तोच लावला. मांडवात टाळ्या पडल्या, हळद लागली.

इतका वेळ ताठ उभी असलेली काकी पहिल्यांदा डगमगली. तिचा नकारसुद्धा त्यांनी ठेवला नाही तिच्याकडे. मी तिचा दंड घट्ट पकडला.

धवला संपला. डीजेवाल्याला बंद करायला उशीर झाला, आणि स्पीकरमधून सगळ्या खाडीवर दीपेश हसत बोलला, "झाला आये. दमली असशील, बस जरा."

खट्कन स्पीकर बंद.

काकी मांडवाकडे वळली. पाणी तिच्या छातीला लागलं होतं. पुन्हा वाजेल म्हणून ती कान देऊन उभी होती.