चौदा सेकंद

रेडिओवाल्यांना शांततेचं भारी वावडं. बोलता बोलता कुणी जरा थांबलं, की ऐकणाऱ्याला वाटतं, केंद्रच बंद पडलं. प्रभाताई सोलापूरच्या रेडिओवर बावीस वर्षं कलावंतांच्या मुलाखती घेत आल्या, आणि बावीस वर्षं त्यांतले खोकले, उसासे, अडखळणं कापत आल्या. हात इतका बसलेला, की रिकामी जागा दिसली रे दिसली, बटण आपोआप दाबलं जायचं.

मंगळवारी मंद्रूपहून रुद्रप्पा आले. सुंदरी वाजवणारे. सुंदरी म्हणजे सनईची धाकटी बहीण. वीतभर लांब, पण ऐकताना हातातलं काम राहून जातं. तीस वर्षांपूर्वी एका सिनेमात त्यांनी वाजवलेली धून आजही लग्नाच्या मांडवात वाजते. नाव संगीतकाराचं, ज्यांना सगळे 'साहेब' म्हणत, हे आलंच. रुद्रप्पांची बायको चंद्रव्वा काचेपलीकडे बसली होती.

प्रभाताईंनी सहज विचारलं, "ती चाल साहेबांना सुचली कशी?"

रुद्रप्पा गप्प. सुंदरी मांडीवर, नजर खाली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "साहेबांचीच चाल ती. मी निस्ती वाजवली."

मुलाखत संपली. रुद्रप्पा तंबाखू खायला बाहेर गेले, तशी चंद्रव्वा जवळ सरकली.

"बाई, चाल मालकांची हाय. थोरली पोटात असताना रोज माज्यापुडं वाजवायचं. साहेबांनी मागून घेतली, वर कुणाला सांगायचं न्हाय म्हणून शब्द घेतला. साहेब गेलं, पर मालकांनी शब्द पाळला. कुणी बी इचारलं की फटक्यात 'साहेबांची' म्हणायचं. आज पैल्यांदा गप बसलं. तेवढं ठिवा की. मी सांगितलं हे मातुर बोलू नका."

आता शनिवारी प्रभाताई कापायला बसल्या आणि सवयीनं बटण दाबून मोकळ्या झाल्या. परत ऐकलं, तर प्रश्नाला लागून फटकन उत्तर. बेमालूम खोटं, आणि तेही आपल्या हातचं! प्रभाताईंना स्वतःची लाज वाटली. त्यांनी कापलेलं परत जोडलं. मोजलं, चौदा सेकंद.

रविवारी सकाळी ड्यूटीवर कमलाकर. पाच सेकंद आवाज आला नाही की संगीत लावायचं, हा नियम. आणि कमलाकर म्हणजे नियमाच्या पलीकडे पाऊल न टाकणारा माणूस. म्हणून प्रभाताई सुट्टी असून येऊन बसल्या होत्या. सहाव्या सेकंदाला त्याचा हात निघालाच. त्यांनी तो धरला.

"अहो प्रभाताई, मेमो येईल."

"मला येऊ दे. तुम्ही थांबा."

टेंभुर्णीपासून मंद्रूपपर्यंत रेडिओ मुका झाला. लोकांनी त्याचे कान पिळले असतील, सेल बघितले असतील. मग रुद्रप्पांचा आवाज आला, "साहेबांचीच चाल ती."

कार्यक्रम संपता संपता फोन वाजला. रुद्रप्पाच होते.

"बाई, मी येवडा येळ गप व्हतो?"

"चौदा सेकंद, काका."

"मग कळलं असंल की लोकास्नी."

"कळलं असेल."

"पर मी शब्द न्हाय मोडला."

"नाही मोडला."

"मग झालं," रुद्रप्पा म्हणाले, आणि तो सत्तरीचा माणूस फोनवरच हुंदके देऊन रडायला लागला.