अभिजितचा शांतपणा

लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि तितकीच वर्षं सुचित्राने अभिजितचा राग झेलला होता. भाजीत मीठ कमी पडलं तरी तो भडकायचा. तिने समजावून पाहिलं, रडून पाहिलं. फरक पडला नाही.

मग तो परदेशातल्या त्यांच्या घरापासून जवळच असलेल्या सँट्री उपनगरातल्या एका क्लिनिकमध्ये न्यूरोफीडबॅकला जाऊ लागला. डोक्याला सेन्सर लावतात, मेंदू शांत होईल तसं पडद्यावरचं वर्तुळ मोठं होतं. ते बघत स्वतःला आवरायला शिकायचं. शिकवणारी ज्ञानदा शिकायला म्हणून पुण्याहून आलेली आणि इथेच राहिलेली.

तीन महिन्यांत अभिजित बदलला. सुचित्राला आनंद व्हायला हवा होता. पण त्याच्या तोंडी सारखी ज्ञानदा. "ज्ञानदा म्हणते, माझा राग आधी खांद्यांत येतो." सुचित्रा मनात म्हणायची, मी अकरा वर्षं जीव आटवला, आणि हिला बारा सेशन पुरली? याच्या डोक्यात काय चाललंय ते हिला दिसतं, मला नाही?

एका शनिवारी ती सोबत गेली. काचेपलीकडे वर्तुळ फुलत गेलं. अभिजित हसला, ज्ञानदाही हसली.

परतताना सुचित्राने विचारलं, "कशाचा विचार करत होतास?"

"नाही सांगता येत."

"तिला बरं सांगता येतं!"

स्वोर्ड्स गावातल्या आपल्या घरी पोचल्यावर तिने चहाचा कप मुद्दाम त्याच्या लॅपटॉपपाशी आपटला. चहा कीबोर्डवर सांडला. अभिजितने फडकं आणलं. "दोन मिनिटं दे मला."

"ओरड ना! तिची शिकवणी माझ्या घरात नको!"

"आज तू ओरड. मी ऐकतो."

ती ओरडली. पहिल्या दिवाळीला पाहुण्यांसमोर केलेल्या अपमानापासून, ती गरोदर असताना भिरकावलेल्या ताटापासून, थेट ज्ञानदापर्यंत. घसा बसला तेव्हा कुठे तिचं लक्ष गेलं. फडकं त्याने मुठीत घट्ट आवळलं होतं, शर्ट घामाने भिजला होता.

"क्लिनिकमध्ये सोपं असतं," तो म्हणाला. "तिथे मी कुणाचं काही बिघडवलेलं नाही."

सुचित्रा खाली बसली. मत्सर पुरता गेला नव्हता. सोमवारी तिने त्याच क्लिनिकला फोन करून स्वतःसाठी वेळ घेतली. ज्ञानदाकडे नको, असं स्पष्ट सांगून.