पांढऱ्याचे तीन ढीग

"फोटो काढायचा तर विचारून," गाइडनं तिसऱ्यांदा बजावलं आणि आम्ही सात जण वाकून त्या खोलीत शिरलो. वस्ती बघायची कल्पना नवऱ्याची. असं काही पाहिल्याशिवाय शहर कळत नाही म्हणे. मी दहा महिन्यांच्या चिऊला कडेवर आवळून, कुठं काय टोकदार आहे तेवढंच बघत होते. दुसऱ्याच्या घरात चपलांसकट उभे आहोत याची लाज वाटत होती, आणि नजरही हटत नव्हती.

आत एक मावशी बाटल्यांची पांढरी टोपणं निवडत होत्या. एकेक फरशीवर आपटायचं, कान द्यायचा, आवाजावरून प्लास्टिकची जात ओळखायची, मग तीनपैकी एका ढिगावर टाकायचं. सकाळपासूनचं काम, तासाभरात माल न्यायला गाडी येईल, असं गाइड सांगत होता.

हात भरून आला म्हणून मी चिऊला घेऊन ढिगांशेजारी उकिडवी बसले.

"तुमच्या घरी आम्हांला कधी नेतात का हो बघायला?" मावशींनी मान वर न करता विचारलं.

सगळे हसले. मीही हसले. तेवढ्यात चिऊनं ढिगात हात घालून एक टोपण तोंडात टाकलं असणार. तिचं तोंड उघडं होतं, आवाज नव्हता, ओठ निळे पडत होते. बालसंगोपनाची तीन पुस्तकं वाचलेली मी नुसती बघत राहिले.

मावशी ढीग तुडवत आल्या. तिला हिसकून घेतलं, हातावर पालथी घातली आणि पाठीत थापट्या मारल्या. चौथ्या थापटीला टोपण लाळेसकट खाली पडलं. चिऊनं टाहो फोडला.

"रडू दे. रडतंय म्हणजे आलं ताळ्यावर."

मग दिसलं, तीन ढिगांचा एकच झाला होता. चिऊला नवऱ्याकडे देऊन मी भराभर निवडायला लागले. मावशींनी माझ्या ढिगातलं एकेक उचललं, आपटून पाहिलं, परत मिसळलेल्या ढिगात टाकलं.

"पांढरं सगळं एक नसतं, बाई. राहू दे. लेकराला पाज आधी."

चिऊला माझ्या मांडीवर देऊन त्यांनी बाकीच्यांना बाहेर काढलं, नवऱ्यालासुद्धा, आणि दार लोटलं. उजेड तेवढा दारातूनच येत होता. उजेड गेला तरी टोपणं आपटून, ऐकून निवडणारा त्यांचा हात थांबला नाही. मी अंधारात पाजायला चिऊचे ओठ चाचपत राहिले.