चांगल्या पाण्याचं तळं

आमच्याकडे विषाला औषध म्हणतात. कापसाला औषध मारलं, तुरीला औषध मारलं, औषध लागून माणूस मेला. हे बोलताना कोणाची जीभ अडखळत नाही. माझा भाऊ संघदीप असाच औषध लागून गेला, म्हणून मला त्या शब्दाची चीड आहे. तरी मीही तोच वापरते, कारण 'विष' म्हटलं की आईचा चेहरा पाहवत नाही.

बोरी अरबच्या अलीकडे आमच्या कॉलेजचं थोडं शेत आहे. तिथे मी पीएचडीसाठी तळी खोदून घेतली आहेत. दिसायला शेततळ्याची पिल्लंच. खाली काळं प्लास्टिक, त्यावर एकाच वावरातली माती, एकाच विहिरीचं पाणी. सगळ्यांत सारखंच शेवाळ, सारख्याच गोगलगायी, आणि सारख्याच रोहूच्या बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. पाऊस पडल्यावर कापसातून जेवढं औषध वाहून नाल्यात उतरतं, तेवढं काही तळ्यांत सोडायचं. एकात काहीच सोडायचं नाही. मग कोण जगतं, कोण मरतं, हे बघत बसायचं. काचेच्या टाकीतही हे करता येतं, पण नाल्याला ऊन लागतं, त्यात चिखल असतो, त्याच्यावर बगळे टपलेले असतात. उघड्यावर काय होतं ते उघड्यावरच बघावं, असं आमचे अमरसिंग सर म्हणतात आणि मला ते पटतं.

बगळे हाकलायला माझी आई येते, तुळसाबाई. मी तिला कामाला लावलेलं नाही. संघदीप गेल्यावर ती घरात दाराकडे तोंड करून बसून राहायची, म्हणून एकदा सोबत आणली. तर तिने तेलाचा रिकामा डबा शोधला, एक काडी घेतली आणि बगळ्यांशी उभं वैर धरलं. खंड्या दिसला तरी डबा वाजतो. परवा अमरसिंग सर टोपी घालून वाकले होते, तर त्यांच्यावरही वाजला.

औषधाच्या तळ्यात जायच्या बोटुकल्यांचं पोटाखालचं डावं पर मी किंचित कातरते, म्हणजे कोणतं पिल्लू कुठलं ते पुढे कळतं. कातरताना पिल्लू ओल्या फडक्यात धरायचं काम आईचं.

"दुखते का व याले?" ती दर वेळी विचारायची.

"नाई दुखत. नखं कापल्यासारखं हाय."

"नखं कापताना कोनी असं तडफडत नाई," ती म्हणायची. पण धरायची मात्र लेकरू धरल्यासारखं.

तळ्यांना मी इंग्रजी अक्षरं दिली होती. आईने ती मोडीत काढली. तिच्या लेखी औषधाची तळी होती आणि सगळ्यांत कोपऱ्यात, जांभळीखाली, चांगल्या पाण्याचं तळं होतं.

संघदीपचं सांगायलाच हवं. तो दुसऱ्याच्या कापसात फवारायला गेला होता. कापूस डोक्याएवढा, वारा समोरून. दुपारी घरी आला तो घामाने निथळत, डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ. आई म्हणाली, ऊन लागलं. आमच्या भागात माणूस बाहेरून येऊन आडवा पडला की आधी ऊनच लागलेलं असतं. तिने कांदा ठेचून तळपायाला चोळला, साखर-मिठाचं पाणी पाजलं. तो थरथरायला लागला, म्हणून त्याच ओल्या सदऱ्यावर गोधडी घातली. शेजारच्या पुष्पाकाकू बघायला आल्या, तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. "आत्ताच झोपला व, आवाज नोको करू." संध्याकाळी तो हलवूनही उठेना. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले की थोडं आधी आणायला हवं होतं. टोचून नाही म्हणाले. पण तेव्हापासून आई त्या एका वाक्यातच राहते.

ती विचारत सुटते. आशाताईला विचारलं, मेडिकलवाल्याला विचारलं, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या बाईलाही विचारलं. "लवकर नेलं असतं त वाचला असता का हो?" लोक काहीतरी बोलून सुटका करून घेतात. मला मात्र तिने कधीच विचारलं नाही. मी शिकलेली, त्यातून फटकळ. मी खरं सांगून टाकेन, ही भीती तिला असणार.

ऑक्टोबरात औषध सोडायचा दिवस आला. दुपारी मी माप घेऊन पहिल्या एका तळ्यात सोडलं, पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि त्या घेऊन अमरावतीला प्रयोगशाळेत निघाले. मुक्काम तिथेच होता. आईला दहादा बजावलं, "बगळे हाकल, बाकी पान्यात हात घालू नोको."

"कायले घालू?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी परत आले तर आई जांभळीखाली बसलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, बाजूला बादली पालथी. औषध सोडलेल्या तळ्यात एकही बोटुकली नव्हती. मेलेलीही नाही. आणि चांगल्या पाण्याच्या तळ्यात पांढरी पोटं वर करून कितीतरी तरंगत होत्या. एक उचलली. डावं पर कातरलेलं.

"आई, तू काय केलं हे?"

"थे वर येऊन येऊन तोंड उघडत होते व," ती म्हणाली. "सांजीले थोडे ओंजळीत धरून इकडं आनले. मंग अंधार झाला, दिसेना. सकाऊन आली त सारेच तसे करून राह्यले. मंग बादलीनं आनले. मले पाह्यल्या नाई गेलं."

मला राग येतो तेव्हा मला काही दिसत नाही. अख्खं वर्ष गेलं होतं माझं. मरायचं तिथे मेलं असतं तर ते कोणाला तरी दाखवता आलं असतं, फवारणीवाल्या पोरांच्या कामी आलं असतं. आता दोन्ही तळी बाद. मी ओरडले. नाल्यावर कपडे धुणाऱ्या बाया वळून बघायला लागल्या तरी ओरडतच राहिले. आई ऐकत होती, पण तिची नजर पाण्यावर.

"पन चांगल्या पान्यात टाकले न म्या," ती म्हणाली. "मंग काहून मेले?"

"उशीर झाला होता म्हून मेले!"

बोलून गेले. आईने मान वर केली. दोन वर्षं जो प्रश्न तिने माझ्यापासून लपवला होता, तो मीच ओढून बाहेर काढला होता.

"म्हंजे लवकर आनले असते त वाचले असते?" तिने विचारलं. अगदी हळू विचारलं. बोटुकल्यांबद्दल ती विचारत नव्हती, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

मी तिच्याजवळ चिखलात बसले. मला उत्तर माहीत होतं. या औषधाचं असं आहे की अंगात पुरतं भिनायच्या आत बाहेर काढलं, अंग धुतलं, इलाज केला, तर पुष्कळदा जीव वाचतो. सदरा काढला असता तरी फरक पडला असता. हे मी शाळाशाळांतून फिरून पोरांना सांगते.

"नाई आई," मी म्हणाले. "लवकर आनले असते तरी मेलेच असते. एकदा आत गेलं की गेलं. मंग कोनाच्या हातात काही राह्यत नाई."

"खरं?"

"मी हेच त शिकून राह्यली न."

मला रडू फुटलं. तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चाल घरी. भूक लागली असन तुले."

त्या रात्री ती पोटभर जेवली आणि झोपली. घोरली सुद्धा. मी जागीच होते आणि ते घोरणं ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. दुसऱ्या दिवशी पुष्पाकाकूला ती अंगणात सांगत होती, "ममतानं आपल्या डोयानं पाह्यलं. लवकर नेलं तरी वाचत नाई थे." अमरसिंग सरांना मी फोनवर सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "ती दोन तळी सोडून दे. पुढल्या मोसमात परत करू." माझ्यावर ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

आठवडाभराने मी चांगल्या पाण्याच्या तळ्यात जाळी फिरवली. मेलेल्या सगळ्या काढल्या होत्या, आत तिथल्याच बोटुकल्या असणार होत्या. एक हातात घेतली, तिने अशी उसळी मारली की निसटता निसटता राहिली. पोट बघितलं. डावं पर कातरलेलं.

पुन्हा जाळी टाकली. आणखी एक मिळाली. मग आणखी. या संध्याकाळच्या होत्या, आईने ओंजळीत धरून आणलेल्या. लवकर आणलेल्या वाचल्या होत्या. सकाळी बादलीने आणल्या त्याच मेल्या होत्या.

खरं सांगते, आधी मला आनंदच झाला. माझ्यातली शिकलेली बाई नाचायला निघाली होती. मग जांभळीकडून डबा वाजला आणि मी घाईने जाळी पाण्यात उलटी केली. दोन दिवसांनी उरलेल्यांची वजनं करून तळं रिकामं करायचं होतं. म्हणजे एकेक पिल्लू ओल्या फडक्यात आईच्या हातात जाणार, पोट वर करून.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवता उगवता मी एकटीच तळ्यावर गेले. जाळीने हुडकून हुडकून डाव्या पराच्या सगळ्या बादलीत घेतल्या. अडाण नदीत सोडून द्यायच्या होत्या. असं सोडणं कुठल्या नियमात बसत नाही, आणि प्रयोगाच्या माशांना अशी वाट दाखवणाऱ्या पोरीला मी स्वतः हाकलून दिलं असतं. पण मला तेव्हा फक्त आईचं घोरणं ऐकू येत होतं.

फाटकापाशी आई उभी होती. हातात डबा.

"इतक्या सकाऊन कुठं चालली व?"

मी बादली पाठीमागे ओढली. तिने बादलीत वाकून बघितलं. मग डबा खाली ठेवला, पाण्यात हात घातला, एक बोटुकली अलगद उलटी केली, बघितली आणि परत पाण्यात सोडली.

"माह्या सांजीच्या आहेत न या?"

"हाव."

"मले मालूम होतं."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवशीपासून. मेलेले मी काढून राह्यली होती त मोजून मापून कमीच भरले. बाकीचे कुठं जातीन? पान्यातच असतीन. आन् खोटं त त्याच दिवशी समजलं मले. तुले खोटं बोलता येत नाई, ममते. लहानपनापासून कान लाल होतात तुह्ये."

"मंग तू जेवली कशी? झोपली कशी?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, सवयीने.

"तू रडून राह्यली होती," ती म्हणाली. "मी झोपली नसती त तू झोपली असती का?"

मला तिचे पाय धरावेसे वाटले. आई, खोटं बोलले, चुकले म्हणावंसं वाटलं. तिने कांदा चोळला, पाणी पाजलं, पांघरूण घातलं, जे जे येत होतं ते सगळं केलं, हे ओरडून सांगावंसं वाटलं. ती बादलीकडेच बघत होती. पाण्यात बोटुकल्या आता वर येऊन तोंडं उघडायला लागल्या होत्या, कारण बादली लहान होती आणि त्या पुष्कळ होत्या.

आईनेच बादलीची कडी उचलून माझ्या हातात दिली.

"जाय," ती म्हणाली. "नदी दूर हाय. उशीर करू नोको, माय."

मी पळत सुटले. बांधावर बगळे उतरले होते, पण मागे डबा वाजला नाही.